टायगर हिलवरचा लेसर बॉम्ब: जून १९९९ मधील एका हवाई हल्ल्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२४ जून १९९९ रोजी भारतीय हवाई दलाच्या मिराज २००० विमानांनी द्रासजवळच्या टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर लेसर-मार्गदर्शित बॉम्ब टाकला. या हल्ल्याची पॉडमधून, म्हणजे विमानाला जोडलेल्या लक्ष्यदर्शक कॅमेरा-लेसर यंत्रातून, टिपलेली चित्रफीत नंतर दूरचित्रवाणीवर इतक्यांदा दाखवली गेली की कारगिलच्या हवाई मोहिमेचे सारे श्रेय त्या एका बॉम्बला देण्याची सवय आपल्याकडे लागली. प्रत्यक्षात हा हल्ला चार आठवड्यांच्या चुका, माघार, फेरविचार आणि घाईघाईने केलेल्या तांत्रिक जुळवाजुळवीच्या शेवटी आला. तो कोणत्या परिस्थितीत ठरला, त्यापुढे कोणते पर्याय होते आणि त्यातून नेमके काय साधले, एवढाच या टिपणाचा विषय आहे. उच्चपदस्थांची नावे सार्वजनिक नोंदीत आहेत म्हणून दिली आहेत. मोहिमेवर गेलेल्या वैमानिकांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण येथे तपासायचे आहेत ते निर्णय.

मे महिन्याच्या सुरुवातीला कारगिल, द्रास, मश्कोह आणि बटालिक या भागांतील कड्यांवर पाकिस्तानी घुसखोर बसले असल्याच्या खबरा येऊ लागल्या. हिवाळ्यात रिकाम्या ठेवल्या जाणाऱ्या उंच जागा त्यांनी व्यापल्या होत्या आणि तेथून श्रीनगर–लेह महामार्गावरील वाहतुकीवर तोफांचा मारा करवता येत होता. सुमारे ५,०६० मीटर उंचीचा टायगर हिल हा द्रासवर थेट नजर ठेवणारा डोंगर. त्याच्या माथ्यावर दुर्बीण घेऊन बसलेल्या एका निरीक्षकाला रस्त्यावरचा ट्रकांचा ताफा दिसत असे, आणि तोफखान्याला नेमके कोठे मारायचे हे कळवण्यास तेवढे पुरेसे होते.

लष्कराने हवाई दलाकडे प्रथम सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांनी दोन हरकती घेतल्या. एक तर त्या उंचीवर हेलिकॉप्टरची ताकद इतकी घटते की ते शत्रूच्या माऱ्यापुढे जवळजवळ असहाय ठरते. दुसरे म्हणजे हवाई शक्ती वापरणे हा संघर्षाची पातळी वाढवणारा निर्णय असल्याने त्याला राजकीय मंजुरी हवी. लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांच्या दृष्टीने मात्र जवान उघड्या उतारावर मरत असताना हा वाद लांबवण्यात अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. या खटक्याबद्दल पुढे बरेच लिहिले गेले असले तरी येथे त्याचे महत्त्व इतकेच की मे महिन्याचे मोलाचे दिवस त्यात गेले आणि संयुक्त नियोजन उशिरा सुरू झाले.

२५ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने हवाई हल्ल्यांना परवानगी दिली आणि तिला एक अट जोडली: कोणत्याही परिस्थितीत नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. २६ मे रोजी 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू झाले.

समस्या

पहिल्या तीन दिवसांनीच मोहिमेचा पाया हलवला. त्याआधी, २१ मे रोजी, टेहळणीवर गेलेल्या एका कॅनबेरा विमानाला बटालिक भागात खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र लागले होते. एक इंजिन निकामी होऊनही ते विमान श्रीनगरला परत आले. २७ मे रोजी एका मिग-२७ चे इंजिन रॉकेटे डागल्यानंतर बंद पडले आणि वैमानिकाला उडी घ्यावी लागली. तो शत्रूच्या हाती सापडला व पुढे सोडला गेला. त्याचा शोध घेण्यासाठी त्या भागात थांबलेले मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्याचा वैमानिक मारला गेला. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, तोलोलिंगजवळ रॉकेटांचा मारा करणारे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले व त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते.

येथे दोन स्वतंत्र अडचणी एकत्र आल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय पुढचे निर्णय समजत नाहीत.

पहिली अडचण खांद्यावरून डागायच्या स्टिंगर जातीच्या क्षेपणास्त्रांची. मैदानी युद्धात असे क्षेपणास्त्र जमिनीवरून सुटते आणि विमान काही हजार फूट वर गेले की त्याच्या टप्प्याबाहेर पडते. कारगिलमध्ये डागणारा माणूसच सोळा-सतरा हजार फुटांवर बसलेला होता. साहजिकच त्याच्या टप्प्याबाहेर राहायचे तर विमानाला समुद्रसपाटीपासून सव्वीस हजार फुटांच्याही वर उडावे लागणार होते. दरीतून खाली शिरून हल्ला करणाऱ्या विमानावर तर डागणारा वरून किंवा बरोबरीच्या उंचीवरून नेम धरू शकत होता, आणि अशा स्थितीसाठी कोणत्याही वैमानिकाने सराव केलेला नव्हता.

दुसरी अडचण नेमाची. पाच किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असते. विरळ हवेत बॉम्बला होणारा अडथळा कमी, म्हणून तो अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन पडतो. विमानाच्या नेमयंत्रातील आकडेमोड मात्र सखल भागातील लक्ष्ये धरून केलेली. त्यातच लक्ष्ये कशी, तर धारदार कड्यावर रचलेली दगडी आडोशाची ठाणी, ज्यांना सैनिक 'संगर' म्हणतात, आणि त्यांच्यामागे बर्फात उभारलेले पांढरट तंबू. सपाट मैदानावर बॉम्ब तीस मीटर चुकला तरी स्फोटाचा काही परिणाम लक्ष्याला जाणवतो. कड्यावर तीस मीटर पुढे गेलेला बॉम्ब धार ओलांडून पलीकडच्या उतारावर शेकडो फूट खाली फुटतो आणि संगरमागच्या माणसाला आवाजापलीकडे काही होत नाही. अलीकडे पडला तर भुसभुशीत बर्फ स्फोटाचा बराच जोर गिळतो.

विमान वाचवायचे तर वर जावे लागे, आणि वर गेले की नेम हुकत असे. दोन्हींमधून निघण्याचा तिसरा मार्ग, म्हणजे शत्रूची रसद जेथून निघते त्या पलीकडच्या तळांवर मारा करणे, तो राजकीय अटीने बंद होता. या अटीचा आणखी एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. नियंत्रण रेषा बहुतेक लक्ष्यांपासून काही किलोमीटरवरच असल्याने विमानाला सोयीच्या दिशेने सरळ येऊन सरळ निघून जाता येत नसे. हल्ल्याची दिशा रेषेला साधारण समांतर ठेवणे भाग होते आणि बॉम्ब सोडल्यावर आतल्या बाजूला वळावे लागे. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान चार सेकंदांत एक किलोमीटर कापते, हे ध्यानात घेतले म्हणजे वळण्यास अवधी किती उरत असेल याची कल्पना येते.

तोललेले पर्याय

२८ मेनंतर पहिला निर्णय तातडीने झाला: सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून काढून घेतली गेली आणि लढाऊ विमानांना क्षेपणास्त्राच्या टप्प्यावरून मारा करण्याचे आदेश मिळाले. त्यावर मतभेद फारसे नव्हते. खरा प्रश्न होता तो उंचीवरून उपयोगी पडेल असा मारा कसा करायचा.

एक मार्ग हाताशी असलेल्या साधनांनीच काम भागवण्याचा होता, आणि तो काही प्रमाणात यशस्वीही झाला. मिग-२१ च्या वैमानिकांनी बाजारात मिळणारी हातात धरायची जीपीएस यंत्रे कॉकपिटमध्ये नेली आणि ठरलेल्या बिंदूवरून ठरलेल्या वेगाने व उंचीने जाताना घड्याळ लावून बॉम्ब सोडण्याची पद्धत बसवली. याच पद्धतीने रात्रीचेही हल्ले झाले. लक्ष्य दिसत नसले तरी शत्रूला रात्री झोप मिळू न देणे हाही एक परिणाम होताच. काही वेळा ठाण्याऐवजी त्याच्या वरच्या बर्फाळ उतारावर बॉम्ब टाकून हिमस्खलन घडवण्याचा प्रयत्न झाला. या कल्पकतेचे कौतुक करताना एवढे मान्य करावे लागते की तंबूएवढे लक्ष्य नेमके टिपण्याचे हे साधन नव्हते.

दुसरा मार्ग मिराजकडे जात होता. ग्वाल्हेरच्या तळावरची ही फ्रेंच बनावटीची विमाने १९८५ पासून हवाई दलात होती आणि त्यांची नेमयंत्रणा मिग विमानांपेक्षा पुष्कळ सरस होती. त्यांच्याबरोबर आलेले फ्रेंच लेसर बॉम्ब मात्र थोडे, महागडे आणि वजनदार होते. पुलासारख्या किंवा भक्कम काँक्रीटच्या बांधकामासाठी राखून ठेवलेले हे अस्त्र कड्यावरच्या चार तंबूंवर खर्च करावे काय, हा हिशेब कोणत्याही साठा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने केलाच असता. त्यावेळी हे युद्ध येथेच थांबेल की पूर्ण सीमेवर पसरेल याची खात्री कोणालाच नव्हती, त्यामुळे तो कंजूषपणा म्हणता येत नाही.

तिसरा मार्ग जुळवाजुळवीचा. हवाई दलाने इस्रायलकडून लायटनिंग नावाच्या लक्ष्यदर्शक पॉडची खरेदी १९९७ मध्येच ठरवली होती. हजार पौंडी साध्या बॉम्बला बसवून त्याचा लेसर-मार्गदर्शित बॉम्ब करणारे अमेरिकी बनावटीचे 'पेव्हवे' संचही साठ्यात होते. पॉड, संच आणि विमान हे तिन्ही घटक हाताशी असूनही त्यांची एकत्रित मोट बांधलेली नव्हती. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे संच पुरवणाऱ्या देशाकडून मदतीची अपेक्षा नव्हती. इस्रायली तंत्रज्ञांनी मात्र पॉड बसवण्याच्या कामाला हात लावला.

चौथा पर्याय अट शिथिल करून घेण्याचा. नियंत्रण रेषेपलीकडे थोडे आत शिरून रसदतळ उडवले तर कड्यांवरचे लोक आपोआप उपाशी पडतील, हा युक्तिवाद लष्करीदृष्ट्या चुकीचा नव्हता. सरकारने तो मानला नाही आणि परराष्ट्र व्यवहाराच्या अंगाने पाहता त्याचा फायदा झाला: जूनमध्ये जी-८ राष्ट्रांची आणि विशेषतः अमेरिकेची भूमिका घुसखोरी मागे घेण्याच्या बाजूने झुकली, त्यात भारताने पाळलेल्या संयमाचा वाटा मोठा होता. पण या फायद्याची किंमत पायदळाने आणि वैमानिकांनी मोजली, हे त्याच दमात म्हटले पाहिजे.

केलेली कार्यवाही

काम दोन पदरांनी चालले आणि माझ्या मते त्यातला कमी गाजलेला पदर अधिक महत्त्वाचा होता.

मिराजवर पूर्वी न वापरलेले २५० किलोचे साधे बॉम्ब बसवण्याची सोय तातडीने करण्यात आली. १७ जून रोजी या विमानांनी बटालिक भागातील मुंथो ढालो या जागी असलेल्या शत्रूच्या मोठ्या रसदतळावर हल्ला केला. तंबू, साठे, माणसे असा पसरलेला तो तळ होता. येथे लेसर नव्हता. विमानातल्या संगणकाने काढलेला बिंदू आणि एका मागोमाग सुटणारे साधे बॉम्ब एवढेच. लक्ष्य मोठे आणि उतारावर पसरलेले असल्याने पंधरा-वीस मीटरच्या चुकीने बिघडत नव्हते. तळ उद्ध्वस्त झाला.

दुसरा पदर लेसर बॉम्बचा. एरवी पॉड, बॉम्ब आणि विमानाचे संगणक यांना एकमेकांशी बोलते करण्यास कित्येक महिने लागतात, कारण वायरिंग, आज्ञावली, वजनाचा तोल, बॉम्ब सुटताना विमानापासून नीट दूर जातो की नाही याची पडताळणी, हे सारे क्रमाने करावे लागते. येथे ते जूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकले गेले. हवाई दलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ यांचे नाव या प्रकरणात फारसे घेतले जात नाही. चित्रफितीत ते दिसत नाहीत, एवढेच त्याचे कारण असावे.

या अस्त्राची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. पॉडमध्ये उष्णतेवर चालणारा आणि साधा असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे असतात, त्यामुळे वैमानिकाला कित्येक किलोमीटरवरून कड्यावरचा तंबू पडद्यावर मोठा करून पाहता येतो. पडद्यावरची नेमाची फुली त्यावर ठेवली की पॉड विमानाच्या हालचालीची भरपाई करत ती तेथेच धरून ठेवतो आणि त्याच रेषेत डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरची सांकेतिक स्पंदने सोडतो. लक्ष्यावरून परतलेला हा प्रकाश बॉम्बच्या नाकावरचा संवेदक चार भागांत मोजतो. कोणत्या भागात उजेड जास्त, त्यावरून पुढचे छोटे पंख वळतात. या पिढीच्या संचात पंख अर्धवट वळत नाहीत, ते एकदम पूर्ण या बाजूला किंवा पूर्ण त्या बाजूला जातात. म्हणून लेसर फार लवकर लावला तर बॉम्ब वाटेत वेग गमावतो आणि लक्ष्याच्या अलीकडे पडण्याचा धोका असतो. लक्ष्यापेक्षा दहा-बारा हजार फूट वरून सोडलेल्या बॉम्बला खाली पोचण्यास साधारण पंचवीस ते तीस सेकंद लागतात. लेसर लावायचा तो त्यातल्या शेवटच्या काही सेकंदांत, आणि त्या सेकंदांत फुली हलता कामा नये. मध्ये ढगाचा एक पुंजका आला तरी सारे वाया जाते. द्रासच्या आकाशात जूनमध्ये ढगांची वाण नसते.

२४ जूनच्या सकाळी आकाश मोकळे मिळाले. मिराज विमाने पंजाबमधील आदमपूरहून निघाली. टायगर हिलच्या माथ्यावरील तंबूंचा समूह आणि त्यालगतचे ठाणे, जे शत्रूचे स्थानिक नियंत्रण केंद्र मानले जात होते, ते पॉडच्या पडद्यावर सापडले आणि बॉम्ब त्यावर नेऊन बसवला गेला. हवाई दल प्रमुख स्वतः बरोबरच्या एका दोन आसनी मिराजमधून हे पाहत होते. दलाच्या प्रमुखाने शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या परिसरात जाणे शहाणपणाचे की नाही, यावर दोन मते होऊ शकतात. अपुऱ्या चाचण्यांच्या जोडणीवर त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला ही गोष्ट मात्र त्या तळावरच्या माणसांनी पाहिली.

निष्पत्ती

बॉम्ब नेमका पडला, यात वाद नाही. त्याने काय साधले, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही.

टायगर हिलवरचे नियंत्रण केंद्र नष्ट होऊनही डोंगर पडला नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी, ३ जुलैच्या संध्याकाळी, बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफांसह मोठ्या तोफखान्याने माथा भाजून काढला आणि त्या रात्री १८ ग्रेनेडियर्सचे जवान कडा चढले. ८ शीख आणि २ नागा या पलटणीही या लढाईत होत्या. माथ्यावर हातघाईची लढाई झाली, पश्चिमेकडच्या सोंडेवरून प्रतिहल्ले आले आणि डोंगरावर पूर्ण ताबा बसण्यास पुढचे काही दिवस लागले. संगरमागचे शत्रुसैनिक लढण्याच्या स्थितीत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. एका बॉम्बने डोंगर जिंकून दिला असे म्हणणे त्या रात्री दोर लावून चढलेल्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

याचा अर्थ हल्ला वाया गेला असाही नाही. केंद्र गेल्याने त्या माथ्यावरचा संपर्क आणि तोफांचे मार्गदर्शन विस्कळीत झाले असणार, हे मानण्यास जागा आहे. शिवाय आतापर्यंत उंच कड्यावर आपण सुरक्षित आहोत ही शत्रूची समजूत होती. विमान दिसण्याआधी, आवाज नीट कळण्याआधी तंबूच नाहीसा होतो, या अनुभवाने ती मोडली. पॉडचा आणखी एक उपयोग लढाईच्या ओघात लक्षात आला. बॉम्ब नसतानाही त्याच्या कॅमेऱ्यातून कड्यांवर काय आहे ते पाहता येत होते. पूर्वीची छायाचित्रे टिपून, धुऊन, वाचून वैमानिकाच्या हाती येईपर्यंत शत्रूने जागा बदललेली असे. हा विलंब घटला, आणि त्याचा लाभ साध्या बॉम्बनी मारा करणाऱ्यांनाही झाला.

संख्येकडे पाहिले तर चित्र आणखी जमिनीवर येते. संपूर्ण मोहिमेत वापरलेले लेसर बॉम्ब हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. बाकी सारा मारा साध्या बॉम्बचा आणि रॉकेटांचा. शत्रूच्या लढण्याच्या क्षमतेवर सर्वांत मोठा आघात कशाने झाला असे मला कोणी विचारले, तर मी टायगर हिलपेक्षा मुंथो ढालोचे नाव आधी घेईन. नियंत्रण रेषेच्या अलीकडे असलेला रसदतळ शोधून काढणे आणि तो साध्या बॉम्बनी उडवणे, यात अचूकता होती ती लक्ष्याच्या निवडीत. लेसर बॉम्ब लागला तो अशा मोजक्या ठिकाणी, जेथे लक्ष्य एका तंबूएवढे होते आणि चुकीला वावच नव्हता. त्याने या मोहिमेतली एक विशिष्ट कोंडी फोडली. मोहिमेचा कणा तो नव्हता.

मोहीम २६ जुलैला संपली. हवाई दलाने दोन लढाऊ विमाने, एक हेलिकॉप्टर आणि पाच माणसे गमावली, आणि हे सारे नुकसान पहिल्या तीन दिवसांतले होते. उंचीचा आदेश निघाल्यानंतर शत्रूच्या माऱ्यात एकही विमान गेले नाही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत बोचरा टप्पा २१ ते २८ मे या आठवड्याचा आहे. कॅनबेराला क्षेपणास्त्र लागले त्या दिवशीच कड्यांवर स्टिंगर आहेत हे कळलेले होते. तरी २६ व २७ मे रोजी विमाने त्याच्या टप्प्यात शिरली आणि २८ मे रोजी तर फ्लेअर नसलेले हेलिकॉप्टर दिवसाउजेडी कड्यासमोर गेले. हेलिकॉप्टर तेथे टिकणार नाही हे हवाई दलाचेच मत होते. मग ते पाठवले का गेले? लष्कराची मागणी, आधी झालेल्या वादात आपण मदत नाकारली असा ठपका येण्याची धास्ती, आणि मारा सुरू झाल्यावर तो दिसता ठेवण्याचा दबाव, हे तिन्ही त्यात असावेत. स्वतःच्याच मूल्यांकनाविरुद्ध घेतलेला हा निर्णय होता. ज्या दिवशी कॅनबेरा जखमी होऊन उतरले त्याच दिवशी किमान उंचीचा आदेश काढता आला असता, आणि फ्लेअर नसलेले कोणतेही हेलिकॉप्टर हल्ल्याच्या यादीतून वगळणे हा तर एका ओळीचा हुकूम होता.

दुसरा टप्पा युद्धाच्या बऱ्याच आधीचा. पॉड एका कराराने, बॉम्बचे संच दुसऱ्या कराराने आणि विमान तिसऱ्याच काळात आले. तिघांना जोडून चालवून पाहण्याची निकड कोणाला भासली नाही. शांततेच्या काळात हेच काम सवडीने झाले असते तर मेच्या अखेरीस मिराज तयार असते आणि तोलोलिंगच्या लढाईत, जी १३ जूनपर्यंत चालली आणि जिथे पायदळाचे फार नुकसान झाले, त्यांचा उपयोग झाला असता. निर्बंधांचा दोष काढणे सोपे आहे, पण निर्बंध १९९८ चे. त्यापूर्वी अवधी होता. उंच पर्वतावरील लक्ष्यांवर बॉम्बफेकीचा सराव हीसुद्धा त्याच जातीची उणीव. १९४७ पासून ज्या सीमेवर लढायांमागून लढाया झाल्या, तेथील उंचीला धरून नेमयंत्रांची आकडेमोड तपासलेली नसावी, याचे आश्चर्य वाटते.

तिसरा टप्पा लक्ष्यांच्या क्रमाचा आहे. पहिल्या तीन आठवड्यांत हवाई मारा प्रामुख्याने पायदळासमोरच्या ठाण्यांवर होत राहिला, कारण मागणी तीच होती. तोच वेळ अलीकडचे रसदतळ शोधण्यावर घालवला असता तर मुंथो ढालोसारखा हल्ला कदाचित लवकर झाला असता. यासाठी लष्कर आणि हवाई दल यांचे अधिकारी एकाच नकाशावर बसून यादी ठरवणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून लागते. ती मोहिमेच्या ओघात उभी राहिली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने टेहळणीतील त्रुटी आणि उपग्रह व वैमानिकरहित विमानांची गरज मांडली, ती या अनुभवाला धरूनच होती.

राजकीय अटीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ती अट उठवायला हवी होती असे म्हणणाऱ्यांनी ४ जुलैचा वॉशिंग्टनमधील दिवस आठवावा, जेव्हा नवाझ शरीफ यांना नियंत्रण रेषेचा आदर पुन्हा प्रस्थापित करण्याचे आश्वासन देऊन परतावे लागले. भारतीय विमाने पलीकडे गेली असती तर ही चर्चा त्याच वळणाने गेली असती असे वाटत नाही. मात्र अट घालणाऱ्यांनी त्याच बैठकीत एक प्रश्न विचारायला हवा होता: या अटीत राहून मारा करण्याची साधने तुमच्याकडे आज आहेत काय? तो विचारला गेला असता तर मिराजची जुळवाजुळव मे महिन्यातच सुरू झाली असती.

राहिला मुद्दा पुराव्याचा. टायगर हिलचा हल्ला लोकांनी मानला, कारण फुली, तंबू आणि स्फोट त्यांनी पडद्यावर पाहिला. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी याच ग्वाल्हेरच्या मिराज विमानांनी बालाकोटवर वापरलेले स्पाइस बॉम्ब लेसरवर चालत नाहीत. साठवलेल्या चित्राशी समोरचे दृश्य ताडून ते आपापले लक्ष्य गाठतात आणि विमानाला लक्ष्याकडे पाहत राहावे लागत नाही. वैमानिकासाठी हे कितीतरी सुरक्षित आहे, पण दाखवायला चित्रफीत उरली नाही आणि परिणामाबद्दल वाद रंगला. हल्ला आखतानाच नुकसान मोजण्यासाठी स्वतंत्र साधन, मग ते दुसरे विमान असो वा उपग्रह, नेमून ठेवणे आणि त्याच्या वेळा हवामानाशी जुळवून घेणे, हा भाग १९९९ मध्ये पॉडमुळे फुकटात मिळाला होता. पुढच्या प्रत्येक मोहिमेत तो वेगळा आखावा लागणार आहे.